फुकट आणि मुक्त : वर्गातील साधनांचा एक छोटा इतिहास

१/ ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने ‘फ्लॅश’ या तंत्राचा आधार काढून घेतला. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने मजकूर चालवणेच बंद केले. त्याआधीच्या वीस वर्षांत जगभरातील शिक्षकांनी वापरलेली असंख्य चलचित्रे, प्रश्नमंजूषा आणि आभासी प्रयोग त्यावर उभे होते. त्यांपैकी बहुतेक शिक्षकांना ते फुकट मिळाले होते, आणि एका ठरलेल्या दिवशी ते फुकटच नाहीसेही झाले. फुकट मिळालेले साधन नेमके कोणाचे असते, या प्रश्नाचा इतिहास या थ्रेडमध्ये पाहू.

२/ आरंभी शब्दांचा विचार आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : पैसे न लागणारे आणि बंधन नसलेले. या दुहेरी अर्थामुळे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीला आपले म्हणणे वर्षानुवर्षे समजावून सांगावे लागले. मराठीची येथे मोठी सोय आहे. आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. फुकट म्हणजे आज किंमत मागितली जात नाही. मुक्त म्हणजे ते वापरण्याचा, बदलण्याचा, त्याची प्रत काढून दुसऱ्याला देण्याचा अधिकार कोणी काढून घेऊ शकत नाही. पुढचा सारा इतिहास या दोन शब्दांमधील अंतराचा आहे.

३/ मराठी मुलखातील वर्गसाधनांचा विचार करताना प्रथम धूळपाटी आठवते. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरून मुले तीवर अक्षरे गिरवीत. चुकले की हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. कागद महाग आणि दुर्मीळ असलेल्या काळात हे साधन कोणालाही, कोठेही तयार करता येत असे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. कारागीर गाव सोडून गेला तरी अक्षरओळख थांबत नव्हती.

४/ याच साधनाने पुढे समुद्र ओलांडला. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ मध्ये मद्रासजवळच्या एग्मोर येथील सैनिकी अनाथालयाचा प्रमुख झाला. तेथे एका देशी शाळेत वाळूवर बोटाने अक्षरे काढणारी मुले त्याने पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, ही व्यवस्था तिला जोडली. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगाचा अहवाल लंडनमध्ये छापला. ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत पसरली आणि तेथील मुलेही वाळूच्या तबकात अक्षरे गिरवू लागली. धूळपाटीचा कोणी धनी नव्हता. तिच्या या प्रवासाला ना परवाना लागला, ना मोबदला.

५/ आता थेट विसाव्या शतकात येऊ. १९६० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही संगणकाधारित शिक्षणप्रणाली सुरू केली. विद्यापीठाच्या ‘इलियाक’ संगणकाला जोडलेल्या पडद्यावर धडा दिसे, विद्यार्थी उत्तर देई आणि यंत्र ते तपासे. १९७० च्या दशकात या प्रणालीला प्लाझ्मा पडदा आणि बोटाच्या स्पर्शाने उत्तर देण्याची सोय मिळाली. ‘ट्यूटर’ नावाची खास भाषा वापरून शिक्षक स्वतः धडे रचू शकत. आजच्या ऑनलाइन वर्गाची बहुतेक वैशिष्ट्ये त्या वेळीच अस्तित्वात होती.

६/ प्लेटोची अडचण अध्यापनात नव्हती, मालकीत होती. ती चालवण्यासाठी महासंगणक लागे आणि प्रत्येक टर्मिनल महाग असे. कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या कंपनीने तिचा व्यापार करून पाहिला, त्यात मोठी रक्कम गुंतवली. परंतु अपेक्षित नफा झाला नाही. शिक्षकांनी कष्टाने रचलेले हजारो तासांचे धडे त्या एका प्रणालीच्या आयुष्याशी बांधलेले होते. प्रणाली मागे पडली, तसे तेही मागे पडले.

७/ योगायोग असा की याच विद्यापीठाच्या आवारात अगदी उलट दिशेचा एक प्रयोग झाला. ४ जुलै १९७१ रोजी मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने संगणकावर मिळालेल्या वेळेत अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकलिखित केला आणि तो इतरांसाठी खुला ठेवला. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ची ही सुरुवात. यात ना चित्रे होती, ना स्पर्शाचा पडदा. फक्त साधी अक्षरे होती. साधी असल्यामुळेच ती प्रत्येक नव्या यंत्रावर उघडत राहिली. प्लेटोवरील धडे आज अभ्यासकांना शोधावे लागतात. हार्टने सुरू केलेला संग्रह मात्र शाळकरी मुलालाही सहज सापडतो.

८/ भारतातील पहिला मोठा प्रयोग उपग्रहाचा होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपक्रम चालला. नासाच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी प्रौढांसाठी. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण याच मार्गाने देण्यात आले. मुलांच्या विज्ञान कार्यक्रमांपैकी काहींची निर्मिती इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत झाली.

९/ एक वर्षाचा करार संपला आणि उपग्रह परत गेला. गावांतील संच, अँटेना आणि सरावलेले शिक्षक जागेवर राहिले, आकाशातला दुवा मात्र नाहीसा झाला. ‘साइट’ला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. उपग्रहाची मुदत सर्वांना आधीपासून ठाऊक होती, आणि त्या अनुभवावरच पुढे इन्सॅट मालिका उभी राहिली. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यावर शैक्षणिक प्रसारणाला देशाचा स्वतःचा आधार मिळाला. उसन्या साधनावर शिकून घ्यावे, पण मुक्काम स्वतःच्या साधनावर करावा, हा त्या वर्षाचा धडा होता.

१०/ दरम्यान ‘मुक्त’ या कल्पनेला कायदेशीर रूप येत होते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क परवान्यातच लिहून ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले. त्या दिवशी सर्नने शुल्क आकारायचे ठरवले असते, तर आजचा ऑनलाइन वर्ग कसा दिसला असता याची कल्पनाच केलेली बरी.

११/ यानंतरची दोन वर्षे, २००१ आणि २००२, शिक्षणाच्या इतिहासात फार दाट आहेत. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला. एप्रिलमध्ये एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी विनामूल्य प्रसिद्ध करण्याचा निर्णय जाहीर केला. डिसेंबर २००२ मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे पहिले परवाने आले, त्यामुळे कायदा न शिकलेल्या शिक्षकालाही ‘माझे साहित्य घ्या, बदला, माझे नाव ठेवा’ असे कायदेशीर भाषेत सांगता येऊ लागले. त्याच वर्षी युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली.

१२/ याच काळात ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘जिओजेब्रा’ तयार केले. फळ्यावर काढलेला त्रिकोण हा एकच त्रिकोण असतो. जिओजेब्रात मात्र त्याचा शिरोबिंदू धरून ओढला की क्षणाक्षणाला नवा त्रिकोण दिसतो, कोनांची मापे बदलत जातात आणि बेरीज १८० अंशांवरून हलत नाही. सिद्धतेची गरज यामुळे संपत नाही. उलट ‘असे का होते?’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात सिद्धतेच्या आधी उभा राहतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा एक प्रबंध जगभरच्या गणिताच्या वर्गांत पोहोचला, ही गोष्ट माझ्यासारख्या प्रबंध लिहिणाऱ्याला विशेष भावते.

१३/ २००२ मध्येच नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. बॅटरी, तार आणि दिवा जोडून मंडल तयार करायचे, लंबकाची लांबी बदलून त्याचा आवर्तकाल पाहायचा, असे आभासी प्रयोग त्यात आहेत. ज्या शाळेत प्रयोगशाळेचे कुलूप वर्षभर निघत नाही, तेथे याचे मोल वेगळे सांगायला नको. फेटची आणखी एक व्यवस्था महत्त्वाची : प्रयोगातील शब्दांचे भाषांतर स्वयंसेवकांना करता येते. म्हणूनच त्यांतील अनेक प्रयोग आज मराठीतही उपलब्ध आहेत.

१४/ आता पहिल्या पोस्टमधील ३१ डिसेंबरकडे वळू. फेटचे जुने प्रयोग जावा आणि फ्लॅशमध्ये लिहिलेले होते. प्रकल्पाने बंदीची वाट न पाहता ते एकेक करून एचटीएमएल-५ या खुल्या मानकात नव्याने लिहावयास घेतले. ‘स्क्रॅच’ची कथाही अशीच आहे. २००७ मध्ये एमआयटी मीडिया लॅबने मुलांसाठी खुली केलेली ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९६७ च्या ‘लोगो’ची वारसदार. तिची दुसरी आवृत्ती फ्लॅशवर चाले. जानेवारी २०१९ मधील तिसरी आवृत्ती फ्लॅशविना आली. ज्यांच्या मागे सांभाळणारी संस्था आणि खुली संहिता होती, ती साधने तरली. उरलेल्यांपैकी काहींना इंटरनेट आर्काइव्हने अनुकरणप्रणालीच्या साहाय्याने जपले. बाकीची गेली.

१५/ महाराष्ट्रात काय घडत होते? मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवली. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात उतरवून घेता येतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे पाठ मराठीतही आणले.

१६/ सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील धड्यांना क्यूआर कोड जोडले. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ व्यासपीठ सुरू झाले आणि छापील पुस्तकातील कोडमागे दृक्‌श्राव्य साहित्य देण्याची कल्पना देशभर पसरली. दीक्षा ज्या ‘सनबर्ड’ या संहितेवर उभे आहे, ती मुक्त आहे. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्यूआर कोड हा केवळ पत्ता असतो. पुस्तक पन्नास वर्षे टिकेल. पत्त्यावरचे घर तितकी वर्षे उभे ठेवण्यासाठी कोणीतरी सतत झटावे लागते.

१७/ मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एका रात्रीत फुकट साधनांचा पूर आला. शिक्षकांनी मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून धडे चित्रित केले, ते ऑनलाइन साठवले, वर्गांना वाटले. मग हिशेब बदलू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने जाहीर केले की शैक्षणिक संस्थांना मिळणारी अमर्याद साठवण यापुढे मिळणार नाही. ‘जॅमबोर्ड’ हा आभासी फळा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. पुन्हा ३१ डिसेंबरच. यात बेकायदेशीर काही नव्हते. ज्याचे साधन, त्याने ते मागे घेतले.

१८/ फुकटची दुसरी किंमत माहितीच्या रूपाने मोजली जाते. २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने ४९ देशांतील दीडशेहून अधिक शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील बहुसंख्य उत्पादने मुलांच्या खासगीपणाला धोका पोहोचेल अशा रीतीने माहिती हाताळत असल्याचे तिच्यात नोंदवले आहे. शासनांनी स्वतः तयार केलेली उत्पादनेही त्यातून सुटली नव्हती. म्हणजे ‘सरकारी’ असणे हाही पुरेसा भरवसा नव्हे.

१९/ आणि मुक्त साधनही संकटापासून पूर्णतः सुरक्षित नसते. डिसेंबर २०२१ मध्ये बायजूज या भारतीय कंपनीने जिओजेब्रा विकत घेतले. पुढे २०२४ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. साल्झबुर्गमधील प्रबंधातून जन्मलेल्या, जगभरचे गणितशिक्षक वापरत असलेल्या साधनाची मालकी अशा रीतीने बंगळुरूच्या ताळेबंदाशी जोडली गेली. दिलासा इतकाच की त्याची संगणकसंहिता मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेली आहे. इमारत विकली गेली तरी तिचा आराखडा लोकांच्या हाती आहे. बंद साधनाबाबत हेही म्हणता आले नसते.

२०/ या इतिहासातून शिक्षकासाठी चार प्रश्न हाती लागतात. नवे साधन वर्गात आणण्यापूर्वी ते विचारावेत.
अ) माझा धडा मला माझ्या संगणकावर उतरवून घेता येतो का?
आ) तो दुसऱ्या साधनात उघडेल अशा खुल्या स्वरूपात असतो का?
इ) मुलांनी खाते न उघडता, नाव-पत्ता न देता तो वापरता येतो का?
ई) इंटरनेट नसताना काय चालते?
चारही उत्तरे ‘नाही’ असतील तरी साधन वापरावे, पण ‘साइट’च्या उपग्रहासारखे : मुदत आहे हे धरून.

२१/ इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक साधा पाठ सुचवतो. मराठी विकिपीडियावरील आपल्या गावाचा किंवा जिल्ह्याचा लेख उघडा आणि ‘इतिहास पहा’ या दुव्यावर जा. लेखात केव्हा, कोणता बदल झाला, कोणते वाक्य आले, कोणते वगळले गेले, हे सारे तेथे दिसते. मुलांना विचारा : हे वाक्य का काढले असेल? या विधानाला आधार काय? साधनचिकित्सा ही पदव्युत्तर वर्गातली जड संज्ञा आठवीच्या मुलाला अर्ध्या तासात उमगते. यासाठी खाते लागत नाही, पैसे लागत नाहीत. पाने आधी साठवून नेली तर वर्गात इंटरनेटही लागत नाही.

२२/ मराठीत ‘साधन’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो इतिहासकारांचा. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांतली आणि माळ्यांवरची दप्तरे धुंडाळून जे कागद मिळवले, ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने छापले. पहिला खंड १८९८ चा. कागद आपल्यापाशी दडवून ते एकट्याचे भांडवल करता आले असते. त्यांनी ते छापून सर्वांपुढे ठेवले; म्हणून त्यांची मते खोडून काढणाऱ्यांनाही तीच साधने वापरता आली. मुक्त असण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

२३/ शिक्षकाने रचलेला डिजिटल धडा हाही उद्याच्या इतिहासाचे साधन आहे. २०२० साली मराठी शाळा कशा शिकत होत्या, हे पन्नास वर्षांनी कोणी शोधू लागला तर त्याला शासननिर्णय सापडतील, कंपन्यांच्या जाहिराती सापडतील. शिक्षकांचे धडे सापडतील की नाही, हे आज त्यांची प्रत कोठे ठेवली आहे यावर अवलंबून आहे. तेव्हा विनंती एवढीच : आपला एक तरी चांगला धडा उतरवून घ्या, त्यावर नाव आणि तारीख घाला, मुक्त परवाना लिहा आणि दुसऱ्या शाळेला द्या.

२४/ आपण तयार केलेला एखादा पाठ असा साधनासोबत हरवला असेल, किंवा शिताफीने वाचवला असेल, तर खाली अवश्य लिहा. कोणते साधन, कोणते वर्ष, कोणती इयत्ता, इतकी नोंदसुद्धा पुरेशी आहे. थ्रेड उपयुक्त वाटल्यास आपल्या ओळखीच्या शिक्षकांपर्यंत पोहोचवावा. हाही मुक्तच आहे.

(समाप्त)